कड्यावरची रास

त्या वर्षी बकरी ईदच्या सुट्टीत आम्हाला सायप्रसला जायचं होतं, ते दगड उतरवायला. बहरीनहून लोक तिकडे समुद्रात डुंबायला जात, नवी लग्नं झालेली जोडपी जात. मी एका बांधकाम कंपनीत ड्राफ्ट्समन होतो. साहेबांनी रजेचं कारण विचारलं तेव्हा सरळ सांगितलं, "तिथल्या एका कड्यावर मी दगडांची रास रचून ठेवली आहे. ती मोडून यायची आहे." त्यांनी सही केली, पण पेन खाली ठेवल्यावर माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिले.

ती रास मोडणं भाग होतं, कारण तिच्यामुळे एक माणूस पडला होता. ती उभी होती तोवर दुसराही पडू शकत होता.

पडलेला माणूस म्हणजे माझा मेहुणा. बायकोचा रक्ताचा भाऊ नव्हे. माझ्या बायकोचं माहेर रत्नागिरीकडचं, खाडीकाठचं, आणि तो त्याच गावचा कोकणी मुसलमान. गावात दोघांची घरं एकाच पाखाडीवर, चार घरांच्या अंतराने. बाब अल बहरीनच्या जुन्या वेशीमागच्या बाजारात तो कापडाच्या दुकानात कामाला होता. लग्नानंतर आम्ही बहरीनला आलो तेव्हा पहिल्याच आठवड्यात बायको पडद्याचं कापड घ्यायला गेली आणि माझ्याशी बोलताना तिच्या तोंडून गावचा हेल निघाला. गल्ल्यापलीकडून आवाज आला, "गो बाय, तू कुणाची गो?" तेव्हापासून ती त्याची बाय आणि मी त्याचा दाजी. दाजी हा शब्द आमच्या घाटावरचा, त्यांच्याकडे भावजी म्हणतात. तो मुद्दाम दाजी म्हणायचा. त्यात थोडी चेष्टा असायची, आणि मेहुण्याला चेष्टेचा हक्क असतोच.

दर शुक्रवारी दुपारचा नमाज झाला की तो मासळीची पिशवी घेऊन उम्म अल हस्समला आमच्या फ्लॅटवर यायचा. त्याचं कुटुंब गावी होतं, त्यामुळे शुक्रवारचं जेवण आमच्याकडे. जेवता जेवता तो माझी टर उडवायचा. "दाजी, मासा असा खातात काय? काटा अडकून मराल, नि माझी बाय रडत बसंल. घाटी तो घाटीच."

मग मी डोंगराची बढाई मारायचो. माझं गाव साताऱ्याकडच्या एका घाटाच्या माथ्यावर. शाळेसाठी, बाजारासाठी, सोयरिकीसाठी आम्ही तो घाट लहानपणापासून तुडवलेला. बहरीन म्हणजे तळहातासारखं सपाट बेट, तिथे माझ्या बढाईला विरोध करायला डोंगरच नव्हता. तो एकदा म्हणालाच, "डोंगर नाय म्हणून तुमची जीभ चालते, दाजी. एकदा डोंगर दाखवा, मग बघू." म्हणून मी त्या दोघांना सायप्रसला नेलं. मुलीची परीक्षा होती, तिला खालच्या मजल्यावरच्या ओळखीच्या घरी ठेवलं.

बेटाच्या पश्चिम टोकाला एका लहान गावातल्या लॉजवर आम्ही उतरलो. तिथून समुद्राच्या कडेकडेने डोंगरात पायवाट जाते. पांढरा चुनखडीचा कातळ, त्याला सुरीसारख्या धारा. मध्ये मध्ये खुरटी झुडपं, पाय घासला की ओव्यासारखा वास येणारी. खाली समुद्र इतका निळा की बायको म्हणाली, हा खोटा वाटतो. वाट कधी घळीत उतरायची, कधी कड्याच्या कपाळावरून आडवी जायची, कुठे दोन्ही हात लावून चढावं लागायचं. उघड्या कातळावर मात्र ती दिसतच नव्हती. तिथे कुणीतरी थोड्या थोड्या अंतरावर लहान दगड एकावर एक रचून ठेवले होते, मुलं लगोरी मांडतात तसे.

पहिली रास पाहिली आणि मला भरून आलं.

आमच्या घाटाच्या माथ्यावर घाटजाईचं ठाणं आहे. देऊळ नाही, मूर्ती नाही, नुसती दगडांची रास. चढून आलेला प्रत्येक जण वाटेतला एक दगड उचलून आणतो आणि तिथे ठेवतो. शीण दगडात ठेवायचा आणि हलकं होऊन पुढे जायचं, असं वडील सांगायचे. गुरं हाकणारे ठेवतात, डोक्यावर पाटी घेतलेल्या बायका ठेवतात, मास्तर ठेवतात. न ठेवता पुढे गेलं तर पाय भरून येतात म्हणे. मी टी-स्क्वेअर घेऊन रेषा मारणारा माणूस, पण त्या घाटात मी आजही दगड ठेवल्यावाचून पुढे जाणार नाही.

आणि इथे, परक्या मुलखात, समुद्राच्या डोक्यावर तीच रीत! मी प्रत्येक राशीवर एकेक दगड ठेवत गेलो. बायकोही ठेवू लागली. यात काही बिघडलं नव्हतं. बिघडलं ते पुढे.

मेहुणा मागे पडला होता. थांबायचा, सिगारेट ओढायचा, फोटो काढायचा. "तुम्ही व्हा पुढं, मी येतो," म्हणाला. मला थांबता आलं असतं. पण मला त्याला दाखवायचं होतं की घाटी माणूस डोंगरात कसा चालतो, म्हणून मी पाय उचलला आणि बायकोलाही घाई केली.

एका ठिकाणी वाट डोंगराच्या खांद्यावर येऊन आत वळत होती. तिथूनच समुद्राच्या बाजूला एक घळ उतरत होती आणि घळीच्या तळाशी कड्यावर थोडी सपाट जागा होती, तीन-चार माणसं बसतील एवढी. आम्ही तिथे उतरून पोळी-भाजी खाल्ली. पुढे वाट नव्हतीच. सपाटी संपली की घसरडा मुरूम आणि त्याखाली खडक. पण जागा अशी की बसल्यावर बोलावंसं वाटत नव्हतं. मला वाटलं, घाटजाईचं ठाणं खरं तर इथे हवं. मी रास रचली. खाली रुंद दगड, वर त्याहून लहान, सांधे जुळवून, गुडघ्याएवढी. नकाशे काढणाऱ्या हाताला वेडंवाकडं चालत नाही. सगळ्यात वर बायकोने एक पांढरा दगड ठेवला, मधोमध आरपार भोक असलेला.

वर खांद्यावर आल्यावर मी वळून पाहिलं. त्या सगळ्या वाटेवर एवढी नीट रास दुसरी नव्हती. पांढऱ्या दगडावर ऊन पडलं होतं. मला अभिमान वाटला.

पुढच्या वळणावर आम्ही त्याची वाट बघत बसलो. तो आला नाही, त्याची हाक आली.

तो त्या सपाटीच्या पलीकडे, मुरुमावरून घसरून, दोन पुरुष खाली खडकांत अडकला होता. उजव्या हातावर पडला होता. त्याला वर कसं काढलं ते नीट आठवत नाही. बायको वरून ओढत होती आणि मी खालून खांदा दिला होता एवढं आठवतं. तिच्या ओढणीची झोळी करून हात गळ्यात बांधला आणि आम्ही गावाकडे निघालो. वाटेत तो दात आवळून म्हणाला, "सकाळी लॉजवाल्यानं सांगितलं होतं गो बाय. दगडांच्या राशी धरून चाला, वाट चुकणार नाय. मी राशी धरूनच आलो. मग चुकलो कुठं?"

लॉजवाला ते सांगत होता तेव्हा मी अंगणात बुटांच्या नाड्या आवळत होतो. निघायची घाई मलाच होती.

बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी समोर वाटेकडे पाहिलं आणि काही बोललो नाही.

त्या क्षणाबद्दल मी पुष्कळ विचार केला आहे. बोललो असतो तर तो ओरडला असता, शिव्या दिल्या असत्या आणि बहुधा तिथेच संपलं असतं. मी म्हटलं, आधी दवाखाना. मग म्हटलं, आधी प्लास्टर निघू दे. मग म्हटलं, आधी हात बरा होऊ दे. पण हात पूर्ण बरा झालाच नाही. हाड जुळलं, मनगट फिरेना.

त्या मनगटावर त्याचं दुकानातलं नाव होतं. कापडाचा तागा उलगडावा तर त्याने. एक हिसका, की सात-आठ वार कापड हवेत तरंगत यायचं आणि गिऱ्हाइकापुढे लाटेसारखं पसरायचं. अबाया घातलेल्या बायका दुकानात आल्या की दुसऱ्या कुणाला हातच लावू देत नसत, त्यालाच बोलवा म्हणायच्या. आता मालकाने त्याला मागच्या बाजूला घड्या घालायला बसवलं होतं.

एका दुपारी, दुकान बंद व्हायच्या वेळेला मी तिथे गेलो. पुढे गिऱ्हाईक नव्हतं. त्याने फळीवरून एक तागा काढला, डाव्या हाताने उजवं मनगट घट्ट धरलं आणि हिसका दिला. तागा टेबलावर आपटला, घरंगळला आणि जमिनीवरून उलगडत माझ्या बुटापाशी येऊन थांबला. तो हसला. "बघा दाजी, कापडसुद्धा तुमच्या पाया पडतंय."

त्या हसण्याने मला पुढे ढकललं. मी म्हणालो, "ती रास मी रचली होती."

"कसली रास?"

"तू जिच्या मागे घळीत उतरलास ती. वर पांढरा दगड होता ती. ती वाटेची खूण नव्हती. आमच्याकडे घाटात देवीला ठेवतात तशी मी ठेवली होती."

त्याने विचारलं, "नि हे तुम्हाला कवा कळलं?"

"त्याच दिवशी. तू लॉजवाल्याचं बोललास तेव्हा."

त्याने वाकून कापड गोळा केलं. गुंडाळलं नाही, तसंच काखेत धरलं आणि पडद्यामागे गेला. आतून म्हणाला, "खलास."

मी उभा राहिलो.

"खलास म्हटलं ना. जावा."

पुढच्या शुक्रवारी तो आला नाही. ताटं वाढलेली तशीच राहिली. त्याच्या पुढच्या शुक्रवारी बेल वाजली. तो उंबऱ्याबाहेर उभा होता, हातात नेहमीची पिशवी. चपला काढल्या नाहीत. मी बायकोच्या मागेच उभा होतो, पण त्याने माझ्यावरून नजर अशी नेली जशी भिंतीवरून नेतात.

"बाय, मासे घे. ताजे हायत. तुकड्या तू खा, तुझ्या नवऱ्याला काटे दे."

बायको पिशवी घेईना. म्हणाली, "वरचा दगड माझा होता रे."

"त्याच्यासाठी खोटं बोलू नकोस."

"खोटं नाही. पांढरा, भोकाचा. मीच शोधून आणला, मीच ठेवला. मासे न्यायचे तर ने."

त्याने तिच्याकडे पाहिलं, मग पिशवीकडे. "जल्लं मेलं तुमचं लक्षण," असं पुटपुटून त्याने पिशवी दाराच्या कडीला अडकवली आणि जिना उतरून गेला. पण त्यानंतर दर शुक्रवारी पिशवी येत राहिली. तो दारातच उभा राहायचा आणि मला जे सांगायचं ते तिला सांगायचा. "बाय, तुझ्या नवऱ्याची गाडी वाकडी लावलेली हाय, पोलीस उचलंल." मी मागून "बरं" म्हणायचो. ते "बरं" त्याला ऐकू जायचं नाही.

एक दिवस त्याने दारातूनच विचारलं, "बाय, ती रास अजून तिथंच असंल काय गो?"

हा प्रश्न माझ्याही मनात रोज होता. सीफकडे नव्या मॉलचं काम चाललं होतं, तिथले नकाशे काढताना मी पायऱ्या, कठडे, बाहेर पडायच्या दारांच्या खुणा काढत होतो. लोकांनी कुठून जावं आणि कुठे जाऊ नये, हे कागदावर नीट दाखवणं हेच माझं काम. आणि एका कड्यावर माझ्या हाताची खूण उभी होती, जी माणसांना सरळ दरीकडे नेत होती. मी लॉजवर फोन लावला. लॉजवाल्याला माझं इंग्रजी आणि मला त्याचं, दोन्ही कठीण. मी पुन्हा पुन्हा सांगितलं, समुद्राच्या बाजूचे दगड, वाईट दगड. तो आनंदाने ओरडला, "स्टोन्स! येस, येस! फॉलो स्टोन्स, माय फ्रेंड!"

फोन ठेवला आणि ठरवलं. दुसऱ्या कुणाला सांगून हे होणार नव्हतं. ज्या हातांनी रचलं त्या हातांनी काढायचं.

बायको म्हणाली, "मी येणार. वरचा दगड माझा आहे."

मुलीला मराठी सगळं समजायचं, उत्तर इंग्रजीत. "बट बाबा, समबडी मस्ट हॅव किक्ड इट बाय नाऊ."

"देवाला कोण लाथ मारतं?" बायको म्हणाली.

शुक्रवारी मेहुण्याला हे दारात कळलं. तो म्हणाला, "बाय, तुझ्या नवऱ्याला सांग, मी पण येतोय. एकट्यावर सोडायला नको. जाऊन दुसरी रचून येईल."

मग आम्ही तयारीला लागलो. मागच्या खेपेला मी बढाईवर चाललो होतो, या खेपेला अंगात ताकद हवी होती, कारण दगड घळीतून वर वाहून तिकडची वाट अडवायची होती. संध्याकाळी कामावरून आलो की मी आणि बायको पाठीवर तांदळाची पोती घेऊन इमारतीचा जिना चढायचो, गच्चीपर्यंत आणि परत. मल्याळी वॉचमन विचारायचा, "साब, लिफ्ट खराब है क्या?" उन्हाळ्यात जिन्यातही भट्टी असायची. बायकोचे गुडघे दुखायचे, ती कठडा धरून थांबायची, पण पोतं खाली ठेवायची नाही.

हवा थंड झाल्यावर सुट्टीच्या दिवशी पहाटे बेटाच्या मध्यावर जबल दुखानला जायचो. नावाला डोंगर, आमच्या गावात त्याला कुणी टेकाडही म्हणालं नसतं. पण बहरीनला तेवढंच होतं. मेहुणा वेगळ्या टॅक्सीने यायचा आणि आमच्यापासून अंतर राखून चढायचा. वारा आमच्याकडे असला की त्याचं ऐकू यायचं, "बाय, तुझ्या नवऱ्याला दम लागला काय? घाटी म्हणं!" उजव्या हातात तो एक गोटा धरून चालायचा. बोटं दमली की गोटा सुटायचा, तो वाकून पुन्हा उचलायचा.

तिथेच मला कळलं की मोडलं होतं ते फक्त मनगट नव्हे. चढताना तो माझ्या पुढे असायचा. पण उतारावर बारीक खडी आली की जागच्या जागी थिजायचा. पाय पुढे पडायचा नाही. मग खाली बसायचा, दोन्ही तळवे टेकायचा आणि बसूनच सरकत उतरायचा, पांढरी विजार मातीने भरायची. पहिल्या वेळी मी हात द्यायला पुढे झालो तेव्हा त्याने मान वळवली. पुढच्या आठवड्यात तो पुन्हा आला, त्याच उतारावर पुन्हा बसला. हिवाळाभर येत राहिला. मला माफी मागायची होती, पण त्याला ती नको होती. त्याला तो उतार उतरायचा होता. मीही तोंड बंद ठेवून चढ-उतार करत राहिलो.

ईदचा नमाज पढून तो विमानतळावर आला. विमानात बायको मध्ये बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही त्या वाटेला लागलो. वाटेतल्या खऱ्या राशी जिथल्या तिथे होत्या. या वेळी मी एकाही राशीला हात लावला नाही. हात शिवशिवत होते, हे मात्र खरं.

खांद्यावर पोचलो आणि मी खाली पाहिलं. आधी मला वाटलं आपण जागा चुकलो. माझी रास गुडघ्याएवढी होती. खाली होती ती कमरेच्या वर.

लोकांनी भर घातली होती. वर्षभर येणाऱ्या-जाणाऱ्यांनी, वाटेची खूण बळकट करावी म्हणून, एकेक दगड ठेवला होता, आमच्या घाटात ठेवतात तसाच. घळीत एवढी माणसं उतरली होती की तिथे आता खरोखरच पायवाट दिसत होती, खऱ्या वाटेपेक्षा ठळक. मी खाली उतरून सपाटीच्या कडेला गेलो. मुरुमावर घसरल्याच्या ताज्या खुणा होत्या. मेहुण्याच्या नव्हेत, त्या पावसात कधीच वाहून गेल्या असतील. खाली खडकात पाण्याची एक प्लास्टिकची बाटली अडकली होती.

मी राशीच्या वरच्या दगडाला हात घातला.

"थांब," बायको म्हणाली. "अशी नाही मोडायची. देवी म्हणून ठेवलीय. आधी गाऱ्हाणं घाल."

कोकणात कुठलंही काम करायचं तर गावचा जाणता देवापुढे उभा राहून मोठ्याने सगळं सांगतो, मागणं मागतो, आणि जमलेले लोक प्रत्येक वाक्याला होकार भरतात, व्हय म्हाराजा. आमच्या घाटावर असं नसतं. मी म्हणालो, "मला येत नाही."

मेहुणा तोवर बसत सरकत घळ उतरून आला होता. मातीने भरलेले तळवे झाडत तो म्हणाला, "बाय, त्याला सांग, हात जोड नि दर्याकडं तोंड कर." लहानपणी शिमग्याच्या पालखीपुढे त्याने हे गाऱ्हाणं कितीदा ऐकलं होतं.

मी हात जोडले. "हे आई घाटजाई, आज आम्ही तुझ्या पायाशी आलो आहोत. आमच्या हातून काही चुकलं माकलं असेल तर..."

"बाय, थांबव त्याला. 'असेल तर' कसला? गाऱ्हाण्यात काय झालं ता सांगायचं. देवीला मोघम चालत नाय."

वारा जोराचा होता. मी पुन्हा सुरुवात केली, आणि या वेळी आवाज चढवला.

"आई घाटजाई, मी तुझं ठाणं चुकीच्या जागी मांडलं."

"व्हय म्हाराजा," बायको म्हणाली.

"इथे रास म्हणजे वाटेची खूण, हे मी कुणाला विचारलं नाही. मला पुढे पळायचं होतं. माझ्या मागून येणारा माझा माणूस तुझ्या दगडावर विश्वास ठेवून उतरला आणि पडला. त्याचा हात गेला."

"व्हय म्हाराजा." या वेळीही तिचा एकटीचाच आवाज.

"मला त्याच दिवशी कळलं आणि मी गप्प बसलो. तो मला दाजी म्हणायचं सोडील, या भीतीने गप्प बसलो. आता तू इथून ऊठ आणि आपल्या घाटात परत चल. या वाटेने पुन्हा कुणाला पाडू नको. जे झालं ते माझ्या पदरात घाल, दुसऱ्या कुणाच्या नको."

बायकोने तोंड उघडलं, पण तिच्या आधी तो बोलला. गावात बोलतात तसा, पोटातून, लांबवर जाईल असा.

"व्हय म्हाराजा!"

मग आम्ही रास उतरवायला घेतली. बायको वरचे दगड काढून द्यायची, मी ते घळीतून वर न्यायचो, तो खांद्यावर उभा राहून घळीच्या तोंडाशी आडवी ओळ मांडत होता, इथून जाऊ नये हे कुणालाही कळावं अशी. मोठे दगड त्याला उजव्या हाताने पेलत नव्हते. एक सटकून त्याच्या पायाजवळ पडला. मी वाकलो.

"हात लावायचा नाय," तो म्हणाला. बायको खाली घळीत होती. हे त्याने मलाच म्हटलं होतं.

दुपार कलली तेव्हा लोकांचे दगड संपून माझे लागले. सांधे अजून घट्ट होते. त्यांच्या डोक्यावर, सगळ्या ओझ्याखाली दबून, तो पांढरा दगड होता. बायकोने तो ओढणीने पुसला. मेहुणा सकाळी बसून सरकला होता त्याच उतारावरून, या वेळी उभ्याने, कातळाला धरत धरत खाली आला. त्याने दगडाच्या भोकात उजव्या हाताची दोन बोटं घातली आणि तो उचलला. त्या दिवसभरात एवढा एकच दगड त्याच्या उजव्या हातात नीट बसला.

घळ चढून तो वळणावरच्या खऱ्या राशीपाशी गेला, जिथून वाट आत जाते. पांढरा दगड त्याने तिच्यावर ठेवला, दोन पावलं मागे सरकून पाहिलं, परत जाऊन जरा फिरवला. भोकातून पलीकडचं आभाळ दिसत होतं.

त्याचं मनगट तसंच राहिलं. पुढे तो दुकानात घड्याच घालत राहिला. माफ केलं असं त्याने मला कधी म्हटलं नाही आणि मी कधी विचारलं नाही.

त्याने सिगारेट पेटवली, दोन झुरके घेतले, विझवून खिशात ठेवली आणि आतल्या वाटेला लागला. थोडं पुढे जाऊन वळला.

"दाजी, आता माझ्या मागनं या," तो म्हणाला. "नि वाटेत एका तरी दगडाला हात लावलात तर बघा."

मी दोन्ही हात पाठीमागे बांधले आणि त्याच्या मागून चालू लागलो.